घराच्या आवारात मोटारहोमसाठी मैलापाण्याची जोडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील सहकारनगरमधल्या जुन्या बंगल्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत आपली मोटारहोम उभी असते. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधून घेतलेल्या या गाडीत संडासाच्या मैल्याची ८० लिटरची आणि बेसिन व शॉवरच्या सांडपाण्याची १०० लिटरची अशा दोन टाक्या आहेत, आणि दोन्ही टाक्या चालकाच्या बाजूच्या एकाच ३ इंची तोंडातून रिकाम्या होतात. प्रवासाहून परतल्यावर टाक्या घरीच रिकाम्या करता याव्यात आणि पाहुणे आले की त्यांना काही दिवस गाडीत राहता यावे, अशी आपली इच्छा आहे. आपल्या प्लंबरने नळी स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या गली ट्रॅपमध्ये किंवा कुंपणालगतच्या पावसाळी गटारात सोडण्याचा सल्ला दिला आहे. यांपैकी योग्य काय, पाइपाला ढाळ किती द्यावा, आणि महापालिकेची परवानगी लागते का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. मोटारहोमचे पाणी घराच्या संडासाची लाइन ज्या चेंबरमध्ये येते, त्याच चेंबरमध्ये, स्वतंत्र ११० मिमी पाइपाने आणि अखंड ढाळाने न्यावे. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. अनेक गाड्यांमध्ये ज्याला टाकी म्हटले जाते ती प्रत्यक्षात बाहेर ओढून काढता येणारी, सुमारे २० लिटरची कॅसेट असते. तसे असेल तर ती कॅसेट हाताने उचलून घरातल्या संडासात ओतता येते आणि हा सगळा खोदकामाचा खटाटोप निम्म्याहून अधिक वाचतो. आपण लिहिलेल्या मापांवरून आपल्या गाडीत बसवलेली टाकी आहे असे दिसते, म्हणून पुढचे उत्तर ते गृहीत धरून देतो.

गली ट्रॅप का नको, हे नीट सांगणे आवश्यक आहे, कारण पुण्यातल्या जुन्या बंगल्यांत तो सर्वांत सोयीच्या जागी असतो आणि मोह तिथेच पडतो. या घरांत संडासाचा मैला एका पाइपाने थेट चेंबरमध्ये जातो, तर मोरी, न्हाणी आणि स्वयंपाकघराचे पाणी दुसऱ्या पाइपाने आधी गली ट्रॅपमध्ये येते. गली ट्रॅप वरून जाळीने झाकलेला, हवेला उघडा असतो आणि त्याच्या वळणात साधारण ५० मिमी पाण्याचा, वास अडवणारा सील असतो. हा ट्रॅप खरकटे आणि वाळू अडवण्यासाठी आहे, मैला वाहून नेण्यासाठी नव्हे. गाडीची ८० लिटरची टाकी ३ इंची झडप पूर्ण उघडल्यावर एखाद्या मिनिटात रिकामी होते. एवढा लोंढा त्या वळणातून एका दमात निघत नाही, तो जाळीवर चढतो आणि खिडकीखाली पसरतो. जे आत जाते त्यातला घट्ट भाग वळणाच्या तळाशी अडकून राहतो, आणि त्यानंतर त्या खिडकीतून येणारा वास मसाल्याच्या फोडणीनेही झाकला जात नाही.

पावसाळी गटाराचा सल्ला तर देणाऱ्याने पुन्हा कधी देऊ नये. आपल्या भागातले पावसाचे पाणी आंबिल ओढ्याला मिळते, ओढा मुठेला मिळतो, आणि वाटेत कोणतेही शुद्धीकरण केंद्र लागत नाही. ड्रेनेजच्या वाहिनीतले पाणी केंद्राकडे नेण्यासाठी असते, पावसाळी गटारातले तसेच नदीत जाते. जल प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात दूषित द्रव्य सोडण्यास मनाई आहे, आणि त्याला घरगुती गाडीचा अपवाद नाही.

आता योग्य चेंबर शोधण्याविषयी. झाकण उचलून पाहावे आणि घरातल्या एखाद्याला वरचा संडास फ्लश करायला सांगावे. ज्या चेंबरमध्ये ते पाणी वाहताना दिसेल आणि ज्याच्या तळाशी अर्धगोल वाट स्वच्छ, न साचलेली असेल, ते आपल्या उपयोगाचे. झाकण उचलल्यावर काही मिनिटे बाजूला उभे राहावे, आत वाकून पाहू नये आणि जवळ काडी पेटवू नये, कारण हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे दोन्ही वायू तिथे असू शकतात. चेंबर तुंबलेले आढळले तर कोणाही मजुराला आत उतरवू नये. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. त्यासाठी जेटिंग (जोराच्या पाण्याने लाइन मोकळी करणारी) किंवा मैला उपसणारी गाडी बोलवावी.

या कामात खरा कस लागतो तो पातळ्यांचा. पाइप, बेंड, सोल्युशन या गोष्टी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, परंतु गाडीचे तोंड, जमिनीतले तोंड आणि चेंबरचा तळ या तीन पातळ्यांचे गणित जमले नाही तर उत्तम पाइपही तुंबतो. म्हणून पाइप आणण्याआधी गवंड्याला लेव्हल ट्यूब (पातळी पाहण्याची, पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन बोलवावे, गाडी तिच्या नेहमीच्या जागी उभी करावी, आणि फरशीपासून चेंबरमधल्या वाटेचा तळ किती खोल आहे हे मोजावे. ११० मिमी पाइपासाठी ढाळ ४० ला १ ते ६० ला १ या दरम्यान ठेवावा. मी घराच्या आवारात ५० ला १ धरतो, म्हणजे दर मीटरला २ सेंमी.

समजा चेंबरचा तळ फरशीपासून ५० सेंमी खोल आहे. जमिनीतून उभे येणारे तोंड आडव्या पाइपाला मिळवण्यासाठी एक काटकोनी बेंड न वापरता ४५ अंशांचे दोन बेंड वापरावेत, आणि त्यासाठी सुरुवातीलाच सुमारे ३५ सेंमी खोली खर्च होते. पुढे ७ मीटर अंतर असेल तर ५० ला १ ने १४ सेंमी उतार लागतो. एकूण ४९ सेंमी झाले, आणि काम जेमतेम बसले. हेच अंतर १२ मीटर असते तर २४ सेंमी उतार लागून पाइप ५९ सेंमीवर, म्हणजे चेंबरच्या तळाच्याही खाली पोहोचला असता. ढाळ ६० ला १ इतका कमी केला तरी ५५ सेंमी होतातच. अशा वेळी पाइप सपाट टाकून कसेबसे जमवण्याऐवजी तोंड चेंबरच्या जवळ आणावे आणि गाडी उभी करण्याची जागा बदलावी, कारण गाडीला चाके असतात आणि चेंबरला नसतात. उलट चेंबर बराच खोल असला तर संपूर्ण पाइपाला तीव्र उतार देण्याचाही मोह टाळावा. पाइप नेहमीच्या ढाळाने चेंबरजवळ न्यावा आणि उरलेली खोली तिथे उभ्या पाइपाने उतरवावी, म्हणजे पाणी पुढे पळून घट्ट मैला मागे राहण्याची भीती राहत नाही.

जमीन पक्की असो वा भरावाची, पुण्यात फार खोदण्याआधीच बहुतेक ठिकाणी मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. ब्रेकर लावावा लागला की मजूर चर जिथे सोपा जाईल तिथे नेतात आणि ढाळ मध्येच उलटा होतो. त्या दिवशी आपण स्वतः तिथे उभे राहावे. फोडलेल्या खडकाचे टोक पाइपाला खालून टेकता कामा नये, म्हणून तळाशी १० सेंमी वाळू किंवा बारीक कच घालावी आणि पाइपाच्या दोन्ही बाजू तशाच भराव्यात. खोदून निघालेले दगड परत पाइपावर लोटण्याची सवय मोडून काढावी लागते.

पाइप कोणता घ्यावा, याचे उत्तर मार्गावर अवलंबून आहे. भिंतीलगत, चाकांखाली न येणाऱ्या लाइनला आयएस (भारतीय मानक) १३५९२ चा टाइप बी एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला व सांडपाण्यासाठीचा, पाइप चालतो. जमिनीखाली आणि विशेषतः चाकांच्या वाटेखाली जाणाऱ्या भागासाठी आयएस १५३२८ चा, भूमिगत ड्रेनेजसाठी बनवलेला पाइप घ्यावा. आपल्यासारखी भरलेली गाडी काही टनांची असते आणि आपल्या उदाहरणात पाइपावर अर्धा मीटरही भर मिळत नाही. त्यामुळे चाके जातात तेवढ्या भागात पाइप सर्व बाजूंनी १० ते १५ सेंमी काँक्रीटने वेढून घ्यावा. वाटेतल्या चेंबरचे झाकणही पाहावे. फायबर काँक्रीटच्या झाकणांचे आयएस १२५९२ मध्ये २.५, १०, २० आणि ३५ टन असे वर्ग आहेत, आणि बंगल्यांत बहुधा सर्वांत हलके, २.५ टनाचे झाकण बसवलेले असते. ते माणसांसाठी आहे. गाडी त्यावरून जाणार असेल तर ते बदलावे.

चेंबरमध्ये नवा पाइप समोरून किंवा काटकोनात घुसवू नये. तो प्रवाहाच्या दिशेने तिरका, जुन्या वाटेच्या तळापेक्षा किंचित वर आणावा, त्याच्यासाठी सिमेंटची वळणदार वाट करावी आणि बेंचिंग (वाटेच्या दोन्ही बाजूंचा उतरता सिमेंटचा थर) घोटून गुळगुळीत करावे. भिंतीला पाडलेले भोक नुसत्या मातकट मालाने बुजवले की पहिल्या पावसाळ्यात तिथून झिरप सुरू होते. कडेने चांगले वॉटरप्रूफिंग करून घ्यावे.

या लाइनला ट्रॅप बसवावा का, यावर प्लंबरांमध्ये दोन मते आढळतात. माझे मत बसवू नये असे आहे. गाडीतल्या बेसिनला आणि शॉवरला स्वतःचे ट्रॅप असतात, टाकीची झडप बंद असते, आणि जमिनीतला ट्रॅप महिनोन्‌महिने न वापरल्याने एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडतो. म्हणजे जो वास अडवण्यासाठी तो बसवला, तो त्याला अडवता येत नाही आणि मैला मात्र अडकतो. त्याऐवजी तोंडाला रबर रिंग असलेले, आट्यांचे, हवाबंद झाकण बसवावे. घराच्या संडासाचा उभा पाइप गच्चीच्या वर काऊल (जाळीदार टोपी) लावून उघडा नेलेला आहे ना, हेही पाहावे. वर पत्र्याचे छत टाकताना तो कापून बंद केलेली घरे थोडीथोडकी नाहीत. गाडीच्या टपावर टाकीचा वेगळा व्हेंट (हवा जाण्याचा पाइप) असतो, तो धुळीने किंवा गांधीलमाशीच्या घरट्याने बुजला तर टाकी गुडगुडत हळूहळू रिकामी होते आणि वास आत येतो.

जमिनीतले तोंड गाडीच्या तोंडापासून शक्यतो ३ मीटरच्या आत, चाकांच्या वाटेबाहेर, फरशीपासून ५ ते ८ सेंमी वर उचललेले ठेवावे, म्हणजे फरशीवरचे पावसाचे पाणी ड्रेनेजमध्ये शिरणार नाही. भोवती ६० सेंमी चौरस, घोटलेला सिमेंटचा ओटा केल्यास सांडलेले थेंब पुसून निर्जंतुक करता येतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांत किंवा पेव्हर ब्लॉकच्या फटींत ते मुरले तर निघत नाहीत. वर ११० वरून ७५ मिमीचा रेड्यूसर घालून गाडीच्या नळीचा रबरी अडॅप्टर घट्ट बसतो की नाही, हे गाडी बांधणाऱ्याकडून तो अडॅप्टर हातात घेऊनच ठरवावे. नुसती नळी पाइपात खुपसून फडके गुंडाळण्याची पद्धत लोंढ्याच्या वेळी दगा देते.

पावसाळ्याचा विचार या ठिकाणी स्वतंत्रपणे करणे भाग आहे. जोराच्या पावसात रस्त्यावरच्या ड्रेनेज वाहिन्यांत पावसाचे पाणी शिरते, त्या तुडुंब भरून वाहतात आणि पाणी घरांच्या लाइनमध्ये मागे सरकते. अशा वेळी ते घरातल्या सर्वांत खालच्या उघड्या जागेतून बाहेर येते, आणि अंगणातले हे नवे तोंड बहुधा तीच जागा ठरते. रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणाची पातळी लेव्हल ट्यूबने पाहावी. आपले तोंड त्यापेक्षा खाली असेल, तर या नव्या शाखेवर, सहज उघडता येईल अशा छोट्या चेंबरमध्ये, एकाच दिशेने उघडणारी फ्लॅपची नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावी. ती दर मे महिन्यात उघडून धुवावी. फ्लॅपखाली चिंधी किंवा केसांचा गुंता अडकला की ती असून नसल्यासारखी होते. मुसळधार पाऊस चालू असताना टाकी रिकामी करू नये, एवढे पथ्य पाळले तरी बराच त्रास वाचतो.

पाहुणे राहत असताना नळी जोडून ठेवता येईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, परंतु मैल्याच्या टाकीची झडप बंद ठेवूनच. ती सतत उघडी ठेवली तर पाणी लगेच निघून जाते, घट्ट भाग टाकीच्या तळाशी ढिगासारखा वाळत जातो, आणि तो काढणे हे या सगळ्या व्यवहारातले सर्वांत किळसवाणे काम आहे. टाकी निदान दोनतृतीयांश भरू द्यावी, मग झडप एकदम पूर्ण उघडावी, आणि ती रिकामी झाल्यावर सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. सांडपाण्याची झडप एरवी उघडी ठेवण्यास हरकत नाही. मैला सोडण्याच्या आदल्या दिवशी ती बंद केली की पुरेसे पाणी साठते. नळीला मध्ये झोळ पडू नये म्हणून १६० मिमी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करावी आणि ती विटांवर उतरत्या क्रमाने ठेवावी. बाजारात यासाठी घडीचे स्टँडही मिळतात, पण पन्हळ स्वस्त आणि पक्की. पाहुण्यांना ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड टाकीत न टाकण्याविषयी संकोच न करता सांगावे.

नळी धुण्यासाठी तोंडाजवळ नळ हवाच. मात्र त्याला लावलेल्या रबरी नळीचे टोक मैल्याच्या नळीत बुडालेले असताना महापालिकेचा पुरवठा बंद झाला, तर ते पाणी उलटे ओढले जाऊन घराच्या टाकीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून या नळाला व्हॅक्यूम ब्रेकर (पाणी उलटे ओढले जाऊ न देणारी झडप) बसवावा. गाडीत पिण्याचे पाणी भरण्याची नळी पूर्णपणे वेगळी, वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या ठिकाणी टांगलेली असावी. दोन्ही एकाच खिळ्यावर ठेवू नयेत.

पातळ्यांचे गणित कोणत्याही प्रकारे जुळत नसेल, गाडी रस्त्याच्या पातळीला आणि चेंबर वर असेल, तर १२ व्होल्टवर चालणारा मॅसरेटर पंप हा उपाय आहे. तो मैला दळून साधारण १ इंची नळीने वर चढवतो. तो कोरडा चालवू नये, आणि त्यासाठी गाडीच्या बॅटरीपासून जाड वायर व फ्यूज स्वतंत्र घ्यावा. गुरुत्वाने काम होत असेल तिथे मात्र पंपाच्या नादी लागू नये.

आपल्या बहिणीचे घर किरकटवाडीत असून तिथे सेप्टिक टँक आहे, असेही आपण लिहिले आहे. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतली बरीच घरे सेप्टिक टँकवर आहेत. तिथे प्रमाणाची चिंता फारशी नाही : ५ माणसांच्या घराचे माणशी १३५ लिटर धरले तरी दिवसाला ६७५ लिटर पाणी होते, त्यापुढे ८० लिटर ही मोठी भर नव्हे. चिंता दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे वेग. आयएस २४७० प्रमाणे ५ माणसांचा टँक आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याच्या खोलीचा, म्हणजे जेमतेम ११०० लिटरचा असतो, आणि त्यात लोंढा थेट आदळला तर तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्याकडे जातो. म्हणून आत येणाऱ्या पाइपाला पाण्यात बुडालेला टी (T आकाराचा जोड) हवा आणि झडप तिथे अर्धीच उघडावी. दुसरी म्हणजे रसायने. टाकीत घालायची निळी द्रव्ये पुष्कळदा फॉर्माल्डिहाइडची असतात; ती वास मारतात तसे टँकमधले जिवाणूही मारतात. सेप्टिक टँकवर जायचे असेल तर जैविक किंवा एन्झाइमचे द्रव्यच वापरावे. सोसायटीचे स्वतःचे शुद्धीकरण केंद्र असेल तिथेही हाच नियम लागू होतो, आणि तिथे व्यवस्थापन समितीची लेखी संमती घेतल्याशिवाय चेंबरला हात लावू नये. ओटा धुताना ब्लीच वापरले तर त्यात संडास साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

चर बुजवण्याआधी दोन चाचण्या घ्याव्यात आणि प्लंबर कितीही घाईत असला तरी त्या सोडू नयेत. वरच्या तोंडातून पाइपाच्या आतील व्यासापेक्षा १३ मिमी कमी व्यासाचा गुळगुळीत चेंडू सोडावा. आयएस १७४२ मध्ये सांगितलेली ही जुनी चाचणी आजही सर्वांत प्रामाणिक आहे, कारण सांध्यात सोल्युशनचा गोळा राहिला असेल तर चेंडू तिथेच थांबतो. नंतर चेंबरकडचे टोक रबरी प्लगने बंद करून लाइन तोंडापर्यंत पाण्याने भरावी, पातळीवर खूण करावी आणि अर्ध्या तासाने पाहावे. पाणी उतरले असेल तर सांधा गळतो आहे. उघड्या चराचे, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो काढून ठेवावेत. पुढे कोणी तिथे खड्डा खणेल तेव्हा ते उपयोगी पडतात.

परवानगीविषयी : रस्त्यावरच्या वाहिनीला नवी जोडणी घ्यायची किंवा रस्ता खोदायचा असेल, तर महापालिकेची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर दोन्ही लागतात. वर सांगितल्याप्रमाणे आपल्याच आवारातल्या, आधीच मंजूर जोडणी असलेल्या चेंबरला शाखा जोडली तर रस्त्याला हात लावावा लागत नाही. तरीही काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे, आणि सुरुवात करण्यापूर्वी नकाशाची एक प्रत घेऊन आपल्या क्षेत्रीय कार्यालयातल्या ड्रेनेजच्या कनिष्ठ अभियंत्याला दाखवावी. आपले चेंबर शेजारच्या प्लॉटबरोबर सामाईक असेल तर शेजाऱ्यांची लेखी संमतीही त्याच वेळी घेऊन ठेवावी.